‘ॲव्हरेज’ कोणाचं? : गाड्यांच्या इंधन-मानकांचा वाद, आदिलाबादहून पाहताना

मराठी माणूस नवी गाडी पाहिली की किंमत विचारायच्या आधी विचारतो, “ॲव्हरेज किती देते?” ॲव्हरेज म्हणजे सरासरी. पण आपल्या तोंडी त्याचा अर्थ ठरून गेला आहे : एका लिटरमध्ये किती किलोमीटर. माझ्या आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू बोलणारा मित्र ‘मायलेज’ म्हणतो, मराठी बोलणारा ‘ॲव्हरेज’ म्हणतो आणि जीप चालवणारे माझे मामा सरळ विचारतात, “लिटरले किती जाते थे सांग.”

गंमत अशी की भारत सरकारचा एक नियम २०१७ पासून खरोखरच ‘ॲव्हरेज’ या शब्दावर उभा आहे. मात्र त्यातलं ॲव्हरेज तुमच्या-माझ्या गाडीचं नसतं, गाड्या विकणाऱ्या कंपनीचं असतं. हा फरक समजला की सध्या वाहन कंपन्या आणि सरकार यांच्यात जो वाद चालू आहे, तो बराचसा समजतो. वाङ्मय मंडळाच्या अंकात गाड्यांवर लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. माझं म्हणणं एवढंच की ही सगळी चर्चा इंग्रजीतून, कंपन्यांच्या आणि खात्यांच्या भाषेत होते. तेलाचे पैसे मात्र आपण मराठीतून मोजतो. म्हणून ती आपल्या भाषेत एकदा नीट मांडावी, असं वाटलं.

नदीच्या दोन काठांवरचा पंप

मी बेला मंडलातला. आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. बेला, जैनथ, तामसी या भागातल्या कितीतरी गावांत घरातली भाषा मराठी आणि कचेरीतली तेलुगू. राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबादवरून जातो आणि नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरतो. आमच्याकडचा माणूस पांढरकवड्याला कामाला गेला की येताना टाकी तिकडेच भरून येतो, कारण तेलंगणात पेट्रोल महाग आहे. तेलंगणाचा पेट्रोलवरचा व्हॅट ३५.२ टक्के. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये पेट्रोल ५ रुपयांनी आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवलं. २०२५ मध्ये हैदराबादला पेट्रोल लिटरला १०७ रुपयांच्या पुढे होतं, तेव्हा मुंबईत ते १०३-१०४ च्या आसपास होतं.

तीन-चार रुपयांसाठी नदी ओलांडणारी माणसं आहोत आम्ही. त्यामुळे गाडी शंभर किलोमीटरला अर्धा लिटर कमी पिते की जास्त, हा आमच्यासाठी फक्त पर्यावरणाचा विषय नाही. घरखर्चाचाही आहे.

नियम आहे तरी काय?

या नियमाचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव ‘कॅफे’ असं वाचलं जातं. कॉफीशी त्याचा काही संबंध नाही. अर्थ असा : कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांची मिळून इंधन-वापराची सरासरी.

कल्पना मूळची अमेरिकेची. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि १९७५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला. १९८५ पर्यंत नव्या मोटारींची सरासरी गॅलनला साडेसत्तावीस मैल व्हायला हवी, असं ठरलं. आपल्या हिशेबाने लिटरला साधारण ११.७ किलोमीटर. आज हा आकडा ऐकून हसू येईल, पण त्या वेळच्या अमेरिकन गाड्यांच्या जवळजवळ दुप्पट होता तो.

आपल्याकडे याचा पाया ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये आहे. त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, सुरू झाला. घरातल्या फ्रिजवर आणि एसीवर जे तारे चिकटवलेले असतात, ते याच ब्युरोचे. मोटारींची मानकं २०१५ मध्ये अधिसूचित झाली आणि २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. पहिल्या टप्प्यात कंपनीची सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे शंभर किलोमीटरला सुमारे ५.४९ लिटर पेट्रोल. दुसऱ्या टप्प्यात, २०२२-२३ पासून, ११३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४.७७ लिटर. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या टप्प्यात लिटरला १८.२ किलोमीटर आणि दुसऱ्यात जवळपास २१.

इथे एक गल्लत नेहमी होते. ‘बीएस-सिक्स’ वेगळं आणि हे वेगळं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेलं भारत स्टेज सहा हे विषारी धुराबद्दल आहे : नायट्रोजनचे ऑक्साइड, काजळीचे कण वगैरे. कॅफे आहे ते इंधन किती जळतं याबद्दल. गाडीचा धूर स्वच्छ असूनही ती भरपूर तेल पिऊ शकते.

आणखी एक. हा नियम फक्त मोटारींना आहे, म्हणजे चालकासह नऊ माणसांपर्यंतच्या, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना. आमच्या गावात घरोघरी जी दुचाकी आहे, ती या हिशेबात येत नाही.

सरासरीचा हिशेब कसा करायचा?

हा भाग थोडा गणिताचा आहे, पण आठवीतलाच. एका घरात दोन गाड्या आहेत. एक लिटरला १० किलोमीटर जाते, दुसरी ३०. दोन्ही सारख्याच चालतात. घराचं ॲव्हरेज किती? पटकन उत्तर येतं, २०. पण ते चूक आहे. दोन्ही गाड्या शंभर-शंभर किलोमीटर चालवून पाहा. पहिलीला १० लिटर, दुसरीला ३.३३ लिटर. दोनशे किलोमीटरला १३.३३ लिटर, म्हणजे लिटरला १५ किलोमीटर.

म्हणूनच सरकारी मानक ‘लिटरला किती किलोमीटर’ असं न लिहिता ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं लिहिलेलं असतं. या उलट्या मापाने आणखी एक गोष्ट उघड होते. १० ची गाडी सुधारून १२ वर आणली तर शंभर किलोमीटरला १.६७ लिटर वाचतं. ३० ची गाडी ४० वर नेली तर वाचतं फक्त ०.८३ लिटर. जाहिरातीत दुसरी सुधारणा मोठी दिसते, पण पंपावर पहिली मोठी ठरते. उटनूर-इंद्रवेल्लीच्या घाटवळणांच्या रस्त्यांवर माणसांनी भरून धावणारी जुनी जीप थोडीशी सुधारली, तरी शहरातल्या चकचकीत छोट्या गाडीपेक्षा जास्त तेल वाचेल.

वजनाची भानगड

आता वादाच्या मुळाशी येऊ. वर दिलेले आकडे सगळ्या कंपन्यांना जसेच्या तसे लागू नाहीत. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जितकं जास्त, तितकी तिला सवलत जास्त. दुसऱ्या टप्प्याचं सूत्र असं : सरासरी वजनातून एक ठरलेलं वजन वजा करा, उरेल त्याला ०.००२ ने गुणा आणि त्यात ४.७६९४ मिळवा. आलेला आकडा म्हणजे शंभर किलोमीटरला परवानगी असलेले लिटर.

समजा एक कंपनी फक्त ८०० किलोच्या छोट्या गाड्या विकते. तिला मर्यादा कडक येते. दुसरी कंपनी फक्त १५०० किलोच्या दांडग्या गाड्या विकते. तिला शंभर किलोमीटरला त्याहून बरंच जास्त तेल चालतं.

हलक्या गाडीला कडक नियम आणि जड गाडीला सैल, हा न्याय कसला? सरकारी बाजूचं उत्तर आहे की मोठ्या कुटुंबाला मोठी गाडी लागते. प्रत्येक वजनाच्या गटात तंत्रज्ञान सुधारायला हवं, नुसतं ‘छोटी गाडी विका’ असं सांगून भागणार नाही. हे उत्तर चुकीचं नाही, पण पुरेसंही नाही. कारण पैनगंगेच्या पुलावरून जाणारी हवा गाडीचं वजन विचारत नाही. तिच्यात मिसळतो तो जळलेल्या तेलाचा धूर.

तिसरा टप्पा आणि ९०९ किलो

सप्टेंबर २०२५ मध्ये बीईईने तिसऱ्या टप्प्याचा मसुदा काढला आणि त्यावर सूचना मागवल्या. तो २०२७-२८ ते २०३१-३२ या पाच वर्षांसाठी होता. ११७० किलो सरासरी वजनाच्या कंपनीला पहिल्या वर्षी शंभर किलोमीटरला सुमारे ३.७३ लिटर आणि पाचव्या वर्षी सुमारे ३.०१ लिटर. म्हणजे लिटरला २७ पासून ३३ किलोमीटरपर्यंत. नुसत्या पेट्रोल इंजिनाला हे जमणं फार अवघड आहे, म्हणून मसुद्यात एक वाट ठेवली होती : वीजगाडी विकली तर हिशेबात ती तीन गाड्यांएवढी धरायची, बाहेरून चार्ज होणारी हायब्रिड अडीच, स्ट्राँग हायब्रिड दोन.

वाद पेटला तो मात्र दुसऱ्या कलमावरून. ९०९ किलोपर्यंत वजन, १२०० सीसीपर्यंत इंजिन आणि चार मीटरपर्यंत लांबी असलेल्या पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ३ ग्रॅमची जास्तीची सूट मसुद्यात दिली होती.

मारुती सुझुकीची बाजू अशी : छोटी गाडी मुळातच कमी तेल पिते, कमी पत्रा आणि कमी रबर वापरते. नियम पाळायला तिच्यात महागडं तंत्रज्ञान बसवलं तर तिची किंमत वाढेल, आणि दुचाकीवरून चारचाकीवर येऊ पाहणारं कुटुंब तिथेच थांबेल. कंपनीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव हे म्हणणं वारंवार जाहीरपणे मांडत आले आहेत.

टाटा मोटर्स, महिंद्रा अशा कंपन्यांची बाजू अशी : ९०९ हा आकडा कुठून आला? अशा हलक्या गाड्या प्रामुख्याने एकाच कंपनीकडे आहेत, मग हा नियम सगळ्यांसाठी कसा? शिवाय सुरक्षिततेसाठी मजबूत सांगाडा आणि एअरबॅग घातल्या की वजन वाढतंच. वजन कमी ठेवण्याला बक्षीस दिलं तर सुरक्षेला शिक्षा दिल्यासारखं होईल. वीजगाड्यांकडे जायची घाईही त्यामुळे मंदावेल.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि दोन्ही बाजूंत स्वार्थही आहे. ज्यांची छोटी गाडी खपते त्यांना छोट्या गाडीचा कळवळा. ज्यांची मोठी किंवा वीजगाडी खपते त्यांना सुरक्षा आणि भविष्याचा.

छोट्या गाडीला सरकारने दुसऱ्या दारातून मदत केलीच आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसी आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के ठरला. म्हणजे ‘छोटी गाडी’ची एक व्याख्या करात आधीच आहे. मसुद्याने त्यात वजनाची तिसरी अट घातली, आणि भांडण त्या तिसऱ्या अटीवर आहे.

दंड नसेल तर नियम कशाला?

नियम मोडला तर काय? सुरुवातीच्या वर्षांत कॅफेचा दंड फारसा टोचणारा नव्हता. ऊर्जा संवर्धन कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आणि चित्र बदललं. मर्यादेपेक्षा ०.२ लिटरपर्यंत चूक झाली तर विकलेल्या दर गाडीमागे २५ हजार रुपये, त्याहून जास्त झाली तर ५० हजार. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला हा आकडा झोप उडवणारा आहे. यावरूनही वाद झालाच : दुरुस्ती आर्थिक वर्षाच्या मधेच लागू झाली, मग दंड पूर्ण २०२२-२३ चा लावायचा की फक्त शेवटच्या तीन महिन्यांचा?

अमेरिकेत याच्या नेमकं उलट घडलं. जुलै २०२५ मधल्या एका कायद्याने तिथला कॅफेचा दंड शून्य डॉलरवर आणला. मानक पुस्तकात आहे, मोडलं तर काही होत नाही. शिवाय त्यांच्या जुन्या कायद्यात मालवाहू धाटणीच्या गाड्यांना सैल मानक होतं. कंपन्यांनी त्याचा फायदा घेतला आणि घरगुती वापरासाठी पिकअप आणि एसयूव्ही विकत राहिल्या. मधे दार उघडं ठेवलं की गाड्या त्याच दारातून जातात, हा त्यातला धडा. ९०९ किलोच्या अटीकडेही त्याच नजरेने पाहायला हवं. आज एखादी गाडी ९२० किलोची आहे. उद्या ती ९०८ किलोची व्हावी म्हणून तिच्यातलं नेमकं काय काढून टाकलं जाईल?

प्रयोगशाळेतलं ॲव्हरेज, रस्त्यावरचं ॲव्हरेज

हे सगळे आकडे मोजले जातात ते प्रयोगशाळेत. पुण्यातली एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे आणि तिचं नाव आपल्याला जाहिरातींमुळे पाठ झालेलं आहे. गाडी फिरत्या रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगाने ठरलेला वेळ चालवतात आणि निघालेल्या वायूंवरून जळलेलं इंधन काढतात. भारतीय चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. एसी, चढ, खड्डे, टपावरचं सामान यातलं काही नाही. मग कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गर्दीत तीच गाडी तेवढीच कशी देईल?

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “थे लॅबमधलं ॲव्हरेज लॅबवाल्याले. आपल्याले रोडवरचं पायजे.” यात अज्ञान नाही, जगभरातल्या तज्ज्ञांचीही हीच तक्रार आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर बसवल्याचं उघड झालं, जे चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. ते प्रकरण विषारी धुराचं होतं, इंधनाचं नव्हतं. पण चाचणीवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही हे जगाला त्यातून कळलं.

त्यात भर इथेनॉलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की या मिश्रणासाठी न बनलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरू शकतं, आणि जुन्या दुचाकींचं तीन-चार टक्क्यांनी. आमच्याकडे जुन्याच गाड्या जास्त. म्हणजे एका हाताने मानक गाडीचं ॲव्हरेज वाढवायला सांगतं आणि दुसऱ्या हाताने पंप ते थोडं कमी करतो. इथेनॉलमुळे परदेशी तेल वाचतं, उसाला-मक्याला भाव मिळतो, हे खरं. पण त्याची किंमत कोण भरतं तेही हिशेबात यायला हवं.

मग आमच्या जिल्ह्याला काय मिळालं?

साधा हिशेब करू. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणारी घरची गाडी. १८.२ च्या ॲव्हरेजने ६५९ लिटर, २१ च्या ॲव्हरेजने ५७१ लिटर. फरक ८८ लिटर. १०७ रुपये भावाने सुमारे ९,४०० रुपये. टॅक्सीवर लावलेली गाडी वर्षाला ४० हजार किलोमीटर चालली तर बचत ३१ हजारांच्या घरात. माझा मामेभाऊ बेला-आदिलाबाद मार्गावर स्वतःची गाडी लावायच्या विचारात आहे. त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे वर्षातले काही हप्ते.

पण नियमामुळे गाडीची किंमत वाढली, तर ती वाढ पहिल्याच दिवशी द्यावी लागते, कर्ज काढून, व्याजासकट. बचत येते थेंबाथेंबाने. जास्त चालवणाऱ्याला ती लवकर परत मिळते, कमी चालवणाऱ्याला उशिरा. शिवाय नियम फक्त नव्या गाड्यांना आहे. आमच्याकडे बहुतेक गाड्या शहरात आठ-दहा वर्षं वापरून झाल्यावर येतात. म्हणजे आज ठरलेलं मानक आमच्या रस्त्यांवर पोचायला एक दशक लागतं. आज सैल नियम झाला, तर २०३८ मध्ये आमच्या गावातला ड्रायव्हर जास्त तेल पिणारी गाडी चालवत असेल. त्याला या मसुद्यावर कोणी मत विचारलेलं नाही.

वीजगाडीला तीनपट मोजण्याबद्दलही हेच. ती जरूर यावी. पण आपल्या भागातली पुष्कळशी वीज कोळशावर होते. बेल्लमपल्ली, मंचेरियालच्या सिंगरेणी खाणी २०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होत्या. शहरात विकलेल्या एका वीजगाडीला कागदावर तीन गाड्या धरलं, तर तेवढ्या प्रमाणात जास्त तेल पिणाऱ्या गाड्या विकायला कंपनी मोकळी होते. त्या कालांतराने कोणत्या रस्त्यांवर येतील, ते वर सांगितलंच.

माझं मत

मानक हवंच. ते नसतं तर कंपन्यांनी आपणहून एवढं केलं असतं असं मला वाटत नाही. पण ९०९ किलोसारखी एका आकड्याची फट ठेवण्यापेक्षा वजनावर मिळणारी सवलतच सगळ्यांसाठी कमी करावी. मग छोट्या गाडीला वेगळी मेहेरबानी लागणार नाही आणि मोठ्या गाडीला तिच्या वजनाचं बक्षीसही मिळणार नाही. सुरक्षेचे नियम वेगळे आहेत, ते वेगळेच आणि कडक राहावेत. फ्रिजवर तारे असतात तसं गाडीच्या काचेवर ‘शंभर किलोमीटरला इतके लिटर’ हे ठळक अक्षरात, त्या राज्याच्या भाषेत लिहिलेलं असावं. आमच्याकडे तेलुगूत आणि मराठीतही. आणि असे मसुदे निघतात तेव्हा त्यांचा गोषवारा भारतीय भाषांत निघावा.

शेवटचं काम आपल्या मंडळाचं आहे. ‘इंधन कार्यक्षमता’ हा शब्द परीक्षेत ठीक आहे, पण जीपच्या स्टँडवर कोणी तो वापरणार नाही. तिथे ‘तेल किती पिते’ असं म्हणतात, आणि शंभर किलोमीटरला किती लिटर हे माप नेमकं त्याच प्रश्नाचं उत्तर देतं. पुढच्या बैठकीत यावर बोलू या. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी येताना आपल्या गाडीचा हिशेब ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असा काढून आणावा.